हायब्रेट

दस्तगीर मिस्त्री म्हणाला, हायब्रेट?
आमच्याकडं हायब्रेट म्हणजे ज्वारी.
मग चाक मांडीवर घेऊन
एकेक तार बोटानं छेडत राहिला,
जिचा आवाज बोदा, तिला पाव आटा पिळत.

मला फक्त नव्वद सेकंद हवे होते.
बुधगावातून सहा बावन्नला निघून
माधवनगरचं फाटक पडायच्या आत पलीकडं.
रोज ते माझ्या डोळ्यांदेखत पडायचं,
सावकाश, हेडबाई चष्मा खाली घेतात तसं,
आणि सांगलीत प्रयोगशाळेचं कुलूप माझी वाट बघत,
मुली व्हरांड्यात, बाई व्हरांड्यात.

आधी स्टँड गेला.
मग कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर,
पुढची जाळीची बास्केट, जिच्यात डबा बसायचा.
डबा पाठीवर आला, आमटी मानेपर्यंत.
सलवारीची मोहरी बांधली
परीक्षानळ्यांच्या गठ्ठ्याच्या निळ्या रबरानं.
पुढच्या शॉकअपला दस्तगीरनं कुलूप घातलं:
म्याडम, निम्मा जोर हा गडी खातोय,
तुम्ही पायडल मारताय, हा नुसता झुलतोय.
चाळीसचे टायर काढून बत्तीसचे घातले.
हवा दर सोमवारी. अंगठ्यानं दाबून बघू नका,
अंगठा खोटं बोलतो.

चेन रात्रभर रॉकेलात.
सकाळी तळाशी दोन वर्षांचा रस्ता बसलेला.
वाळवून शाळेच्या तराजूवर तोलला: अकरा ग्रॅम.

टायरांनी एकतीस सेकंद दिले.
चेननं नऊ.
स्टँडनं काही नाही, पण मन हलकं झालं.
उरलेले सगळे वाऱ्याकडं होते,
उसाच्या फडांवरून आडवा येणाऱ्या.
कोपर वाकवा, दस्तगीर म्हणाला,
छाती काढून जायला ही कुस्ती आहे का?
ओढणी तोलली तर नव्वद ग्रॅम.
वाऱ्यात धरली तर पोतं.
घरी ठेवली.
बुधगावात चार दिवस माझी चर्चा,
पाचव्या दिवशी ऊसदराची.

मंगळवारी तिप्पाण्णाचा हात फाटकाच्या दांड्यावर होता
आणि मी रुळांवरून दोन धक्के खात पलीकडं.
गेली की ओ बाई! तो मागून ओरडला.
कौतुकानं की तक्रारीनं, कळलं नाही.
पुढचा रस्ता मोकळा, एवढा मोकळा
की माझ्याच चेनचा आवाज मला मोठा वाटला.

कुलूप उघडलं. स्टुलावर बसले.
सांगाडा कोपऱ्यात, मी मधे,
घड्याळात अजून अकरा मिनिटं.
तेव्हा आठवलं,
फाटकापाशी आयटीआयचा संतराम उभा असेल.
सोमवारी त्यानं विचारलं होतं,
म्याडम, कंपाउंडचं लोखंड गंजतंय,
मग रूळ का नाही गंजत?
गाडी गेली, फाटक उठलं,
उद्या सांगते, म्हणाले होते.
पावट्याची पाटी घेऊन बसणारी आक्काताईसुद्धा
ऐकायला मान वळवून बसली होती.

आता सहा चोपन्नला निघते.
एक घोट चहा जास्त.
फाटक पडताना बरोब्बर पोचते
आणि नंतरच्या रस्त्याला सगळं वसूल करते,
कोपर वाकवून.

बुधवारी संतरामला सांगितलं,
गंजतात की. कडेनं बघ, तांबडेच आहेत.
वरून चाक रोज घासून जातं, तेवढीच पट्टी चमकते.
तो वाकून बघत राहिला.
आक्काताई म्हणाली, आमच्या विळ्यासारखं.
गाडी आली, गेली.
संतराम उठला, पिशवी उचलून
माझ्या सायकलीच्या मागं ठेवायला गेला,
हात हवेतच राहिला.

कॅरिअर का काढलं, म्याडम?
बरं होतं की ते.