खालची चोच

शाळेच्या नव्या काचेवर तो आदळला
सकाळी सव्वासहाला.
पोरांनी केळीच्या पानात गुंडाळून माझ्याकडे आणला,
कारण आत्रातोच्या या वळणावर
रंगपेटी फक्त माझ्याकडे आहे.

ऊब होती अजून.
वहीत आधी तेच लिहिलं : ऊब आहे.
मग घाई.
मेलेल्या टुकानचे रंग
निरोप न घेता उठणाऱ्या पाहुण्यांसारखे.
डोळ्याभोवतीची उघडी कातडी,
कच्च्या लिंबाकडून पिकल्या लिंबाकडे निघालेली,
सगळ्यात आधी जाते ती.
दुपारपर्यंत राखाडी.

गळ्यापासून छातीपर्यंत पिवळं लाळेरं.
त्याच्या काठाला दोऱ्याएवढी पांढरी कड,
तिच्याखाली लाल,
जणू शिंप्याने उरलेला धागाही वाया जाऊ दिला नाही.
बाकी अंग काळं.
शेपटीच्या मुळाशी वरून पांढरं, खालून लालभडक.
बोटं दोन पुढे, दोन मागे.
पाय निळे.
"थंडीने?" मार्लेनीने विचारलं.
सात वर्षांची आहे. थंडी तिने
फक्त बर्फाच्या कारखान्याच्या दारात पाहिली आहे.

आणि चोच.
उचलायला गेले तर हात फसला,
इतकी हलकी. रिकामी पेटी.
वरचा भाग पिवळा,
मग एक तिरकी रेघ, आणि रेघेखाली सगळं
गडद.

गडद म्हणजे काय, इथे येऊन मी अडकले.
आमच्या रानात दोघं आहेत.
एकच कापड, एकच शिंपी.
एकाची खालची चोच काळी.
दुसऱ्याची तपकिरी, आत लाल मुरलेला.
दुसरा थोडा मोठा. पण मादी असली
तर थोडा मोठा म्हणजे किती?
शाळेची लाकडी पट्टी मागवली.
पंधरा सेंटिमीटर.
नेमकी तिथेच दोघांची मापं
एकमेकांच्या अंगणात शिरतात.

मग क्रिसांतो इनेस्त्रोसांना बोलावलं.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरुणपणी शिकारी.
त्यांनी चोचीवरून अंगठा फिरवला,
काठाच्या दात्यांपाशी थांबले.
"काय म्हणाला हा?"
"मेलाय तो."
"मग मला कशाला बोलावलंस?"

तरी बसले. कॉफी घेतली.
म्हणाले, "पोरी, एक बेडकासारखा करकरतो.
दुसरा शेंड्यावर बसून, मान झटकत, ओरडतो,
द्योस ते दे, ते दे, ते दे.
देव तुला देवो.
काय देवो, ते कधी सांगत नाही.
माझी आई कपडे धुताना उत्तर द्यायची :
तूच माग रे माझ्यासाठी,
तुझं तोंड मोठं आहे."

मी पक्षी खिडकीशी नेला.
घरात गुळाची काकवी असते ना,
भांड्यात काळी कुळकुळीत,
चमच्याने उन्हाकडे धरली की खरं बोलते.
तशी धरली चोच.
काठाशी, अगदी काठाशी
काहीतरी तांबूस झिरपलं.
किंवा तो माझ्याच बोटांचा रंग असेल, मागून.

"तपकिरी," मी म्हणाले. "बहुतेक."
"बहुतेक," क्रिसांतो म्हणाले,
"हा रंग आहे का तुझ्या पेटीत?"

आहे. काळ्यात विटकरी, विटकरीत पुन्हा काळा,
आणि पाणी जरा जास्त.
संध्याकाळी पाचपर्यंत तोच कालवत होते.
तोवर पोरांनी काचेवर
वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, वाकड्यातिकड्या,
मार्लेनीने साबणाने एक डोळा काढला,
पाखरांना घाबरवायला म्हणे.

चित्राखाली नावाची जागा सोडली आहे.
नदीपलीकडून एकजण ओरडला तेव्हा
ब्रश हातात तसाच धरून मी ऐकलं,
पण मध्येच मोटरबोट गेली.

शाळेची पट्टी परत करायची राहिली आहे.
पंधराच्या आकड्यावर
एक पिवळं पीस चिकटलंय,
नखाएवढं.