राखीव

काम एवढंच: दीड पान.
कर्नल उठतो तेव्हा त्याची आर्ग्युमेंट्स
कुठून येतात, कोण देतं,
ते लिहून काढायचं. शुक्रवारपर्यंत.

कोड अकरा वर्षांचा. लिहिणारे मुळ्ये
केव्हाच निवृत्त होऊन अन्नपूर्णा रोडला राहतात.
मागे त्यांची एकच कॉमेंट:
'असं का, ते मला विचारा.'

मी लिहिते:
बूटलोडर आधी जागा होतो.
मेमरीत एक ओळ ठेवतो,
तिचा पत्ता शून्य नंबरच्या रजिस्टरात लिहितो,
कर्नलमध्ये उडी मारतो.
परत येत नाही.
(हे लिहायची गरज नव्हती. लिहिलं.)

उठल्या उठल्या कर्नलकडे काही नसतं.
घड्याळ नाही, पडदा नाही,
आपल्याला मेमरी किती मिळाली तेही माहीत नाही.
ओरडायचं म्हटलं, तर कन्सोल कुठला
हे त्या ओळीतच लिहिलेलं.
हातात फक्त एक पत्ता,
आणि तोही खरा की कचरा
हे पहिल्या चार बाइटांवरून ताडायचं.
खूण पटली नाही तर जागच्या जागी गप्प.
कागदोपत्री याला 'थांबतो' म्हणतात.

खूण पटली की सगळ्यात आधी नक्कल,
कारण चिठ्ठी ज्या जागेवर आहे
तीच जागा थोड्या वेळाने
तो स्वतःच दुसऱ्या कुणाला देऊन टाकणार असतो.

ओळीची मर्यादा पाचशे अकरा अक्षरं.
पुढचं आवाज न करता गळतं.
मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी ओळ लांबवली
आणि शेवटी वॉचडॉगचे साठ सेकंद होते,
त्यातलं शून्य गळलं.
उरले सहा. बोर्डाला उठायलाच नऊ लागतात.
दोन दिवस तो पंपावर मरत होता, उठत होता,
आणि इकडे तीन गल्ल्या बादल्या घेऊन
टँकरमागे. नर्मदेचं पाणी आज नाही, एवढंच
सगळ्यांना कळलेलं.
हा परिच्छेद मी तीनदा लिहिला.
साहेबांनी तीनदा काढला.
'मर्यादा ५११' एवढं राहिलं.

जे शब्द कर्नलला कळत नाहीत
ते तो फेकत नाही.
पहिल्या प्रोसेसकडे सरकवतो:
बघ बाई, तुझ्यासाठी असेल.

अडलं ते एका जागी.
रजिस्टर एक, दोन, तीन: तिन्हींत शून्य हवं.
तिन्ही कुणी वाचत नाही.
पूर्ण कोड पालथा घातला,
कुणीही नाही.

गुरुवारी मुळ्यांकडे गेले.
साबुदाणा भिजत घातलेल्या हातानं दार उघडलं,
बसायच्या आधी शेवेची बशी पुढे.
'असं आहे नं,' म्हणाले,
'पुढेमागे कुणाला काही जास्तीचं सांगायचं असेल.
आज आपण तिथे कचरा सोडून गेलो,
तर उद्याचा कर्नल त्यालाच निरोप समजेल.
म्हणून जाताना हात झाडून जायचं.'

काय सांगायचं असेल पण?
'ते ठाऊक असतं
तर शून्य कशाला ठेवलं असतं?'

मग त्यांनी विचारलं,
बोर्ड अजून चालतात का, किती, कुठे कुठे.
मी सांगत गेले. ते बोटं मोडत मोजत होते,
बोटांवरचा साबुदाणा वाळून गेला तरी.
जिन्यावरून हाक आली:
'दीड पानच ना? पाचशे अकराच्या पुढे जाऊ नकोस!'

रात्री लिहिलं:
रजिस्टर १ ते ३. शून्य ठेवावे.
राखीव.

सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली,
ओला वेगळा, सुका वेगळा.
मी ती कॉमेंट काढली.
तिथे पानाचा क्रमांक टाकला.
मग पुन्हा फाइल उघडली, आणि क्रमांकाखाली
मुळ्यांचा फोन नंबर.