कोणाक वळखना

वाळपईच्या बाजारामागे फोंडूशेटचं गोदाम.
एप्रिलभर काजूची बी येत राहते
कोपार्ड्याहून, धाव्याहून,
रिक्षाच्या टपावरून, स्कूटरच्या पायांपाशी,
एकदा तर लग्नाच्या बसमधून, नवरीच्या ट्रंकेशेजारी.
मी पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून
हिशेबाचा प्रोग्राम लिहीत बसलेली.
पायथॉनमध्ये, म्हटलं तर शेट हसला:
'अजगर पाळलाय म्हण की गोदामात.'
हसू दे. उंदीर तरी कमी होतील.

दोन फायली होत्या माझ्या.
एक बागायतदारांची: नाव, वाडा, झाडं किती,
चवथीला उचल किती घेतली.
दुसरी खरेदीची: तारीख, पोती, ओल, दर.
बागायतदाराला स्वतःचा एकूण माल कळायला हवा
म्हणून पहिल्याच ओळीत त्याने खरेदीला बोलावलं.
खरेदीला पावतीवर नाव छापायचं
म्हणून पहिल्याच ओळीत तिने बागायतदाराला.
तो म्हणाला, थांब, आधी ती येऊ दे.
ती म्हणाली, थांब, आधी तो.

रात्री साडेनऊला पडदा लाल.
नीट वाचलं तर यंत्र खोटं बोलत नव्हतं:
बागायतदार हजेरीपटावर आहे,
पण अजून अर्धाच जागा झालाय,
त्याच्याकडे मागताय ते त्याच्यापाशी नाही.
म्हणजे वहीत नाव चढलेलं
आणि खालचं पान कोरं.

मग मी तेच केलं जे सगळे करतात.
खरेदीच्या डोक्यावरची हाक काढली
आणि एका फंक्शनच्या पोटात लपवली,
गरज पडेल तेव्हाच मारायची म्हणून.
चाललं. तीन दिवस छान चाललं.
गळक्या कौलाखाली टोप ठेवला की
जमीन कोरडी दिसते, तसं.
चौथ्या दिवशी उचलीची फाईल आली
आणि तिला दोघेही हवे होते
आणि दोघांनाही ती.

म्हाळू गावडे काट्यावर असतो, बावीस वर्षं.
दुपारी एक बागायतदार आणि शेटचा मेहुणा
पोत्यावरून भांडत त्याच्यापाशी आले.
तू याचा माणूस, हा म्हणाला.
तू त्याच्या वाड्यावरचा, तो म्हणाला.
म्हाळूने पोतं चढवलं, काटा थरथरला, थांबला.
'हांव कोणाक वळखना,' तो म्हणाला.
'हांव जडाय सांगता.'
एवढंच. आणि विडी शोधायला लागला.

मी लॅपटॉप मिटला होता, तो परत उघडला.

किलो, ओलीची घट, दर, पैशांची गोळाबेरीज
सगळं दोघांकडून काढून घेतलं
आणि खाली एक नवी फाईल केली, मोजमाप.
ती कुणालाच हाक मारत नाही.
बागायतदार खाली वाकून तिला विचारतो,
खरेदी खाली वाकून तिलाच,
उचलसुद्धा.
नाव आणि माल एकत्र हवे असतील तर
पावतीची फाईल वर बसते,
तिला दोघेही माहीत;
दोघांना ती आहे याचा पत्ताही नाही.
वरून खाली उतरणाऱ्या हाका,
खालून वर एकही नाही.
कागदावर बाण काढले तेव्हा
पहिल्यांदाच एकही वळून माघारी आला नाही.

(चूकही सांगते. त्याच रात्री, हुरूपात,
मी 'इतर' नावाची एक फाईल केली
आणि जागा न सापडलेलं सारं तिच्यात कोंबलं:
तारखा, फोननंबर, शेटच्या गणपतीची वर्गणी.
आठवड्यात ती फुगली, आणि एका सकाळी
तिनेच खरेदीला हाक मारली.
पुन्हा लाल. पुन्हा कागद, पुन्हा बाण.)

संध्याकाळी शेवटचं पोतं उतरतं.
बोंडवांचा आंबूस वास दारातून आत येतो,
कुठेतरी भट्टी लागली असणार.
म्हाळू रिकाम्या काट्यासमोर उभा राहतो,
टिचकी मारतो,
सुई शून्यावर येईपर्यंत वाट बघतो.
आली की मला खूण करतो.
मग मी प्रोग्राम बंद करते.