वजनाचा अंदाज

रुवैस. जुलै. साडेबारा ते तीन काम बंद,
सरकारी नियम.
कंटेनरच्या सावलीत आम्ही तिच्याच मापाचे बसलेलो,
सावली सरकेल तसे सरकत.

ओ बाँग-सिक आमचा फोरमन.
त्याला हाक मारावी तर
आपणच ओ दिल्यासारखं होतं.
घामट फोन मांडीला पुसून त्याने दाखवला:
कौलांखाली तीन दगडी बुद्ध,
मधला मोठा, बाजूचे त्याच्या खांद्याला लागतील एवढे.
"मेरा गाव," तो म्हणाला. "मिरुक."

मी रिगर. चौदा वर्षं
दुसऱ्यांची ओझी उचलून देतो.
आधी वजनच बघितलं.
मधला साडेतीन टन. ग्रॅनाइट.
पट्टा काखेतून घ्यायचा, गळ्याला नाही,
खांदे उतरते आहेत, सटकेल.
मग चेहरा बघितला.
नाक नव्हतं.

तोडलं कुणी?
तोडलं नाही, खरवडलं.
मुलगा व्हावा म्हणून बाया रात्री यायच्या,
चिमूटभर भुकटी पाण्यातून प्यायच्या.
"मेरी दादी भी."
आणि ओने स्वतःच्या नाकाला हात लावला,
उसनं आणलेलं असावं तसा.

मग मी सांगितलं.
आमच्या डोंगरातला शेंदराखाली होता,
बोटभर जाड, वर चांदीचे डोळे.
लोक भैरोबा म्हणायचे, कोंबडं कापायचे,
आमचा नारळ खालच्या पायरीवरूनच घ्यायचे.
छप्पन सालानंतर आजा एका रात्री एकटा वर गेला.
खुरपं नेलं नाही, त्याला लागेल म्हणून.
नखांनीच.
उजाडेपर्यंत एक कान निघाला,
खांद्यापर्यंत लांब.
दुसरा अजून लाल आहे.
आज्याची नखं मरेपर्यंत केशरी होती म्हणे.
आई जरा वाढवून सांगते.

ओला किती कळलं कोण जाणे.
मैत्रेय म्हटल्यावर मात्र त्याने मान हलवली:
मिरुक, तोच. यायचाय अजून.
दोघांनी गेटकडे पाहिलं.
पाण्याचा टँकर येत होता.

तीनला भोंगा.
गुलरेज क्रेनवर, हुकाला तेवीस टनांची टाकी.
रेतीचा वारा सुटला, टाकी वीतभर फिरली.
मी उजवा हात वर केला, तळवा समोर.
साइटवरच्या सगळ्या भाषांत त्याचा अर्थ: थांब.
तेवीस टन हवेत थांबले.
खाली कुणी नव्हतं.
हात खाली घ्यायला
मला जरा उशीरच झाला.

बसमध्ये विचारलं, खरं वजन किती रे?
ओ म्हणाला, काट्यावर कोण घालणार.
भाताच्या चिखलात नांगराला लागला तेव्हा
बावीस माणसं, एक बैल,
आख्खा दिवस.

लेबर कॅम्पचे दिवे दिसायला लागल्यावर
एकदम वळून म्हणाला,
तेव्हा नाक होतं.