काटापावती

कळमन्याच्या फाटकाशी माझा धर्मकाटा.
एकोणीस वर्षं झाली, मी दोन आकडे लिहितो :
भरलेली गाडी, रिकामी गाडी,
आणि त्यांतला फरक.
फरक शहरात जातो.
संत्री, मेथी, वांगी, भिवापूरची मिरची,
काटोलचा, कुहीचा, सावनेरचा थोडा थोडा तुकडा
रोज पहाटे माझ्या लोखंडी फळीवर उभा राहतो,
आणि गाड्या परततात हलक्या,
मागचं फाळकं खडखडवत.
मला वाटायचं, हिशेब म्हणजे एवढाच.

एका पौषात शालिक नाकाडे उलटा आला.
येताना रिकामा,
जाताना टेम्पोत
रसवाल्यांच्या साली, पत्ताकोबीची वरची पानं,
फुटलेले टमाटर, फुलबाजारातले मलूल झेंडू,
तर्रीपोह्याच्या ठेल्यांवरली कांद्याची फोलपटं.
वास असा, की मागचा ट्रकवाला काच चढवून बसला.
“तोल ना भाऊ.”
“हे कायले तोलतं बाप्पा?”
“आमच्याकडून किती आलं ते तुह्या वहीत आहे.
वापस किती चाललं, तेबी लिहून ठेव.”

पावतीवर रकाना होता, मालाचे नाव.
मी लिहिलं, कचरा.
त्यानं वाचलं. “खोड. माती लिही.”
“अजून झाली कुठं?”
“आठ महिने लागतेत. आगाऊ लिही.”

माघात गेलो त्याच्या वावरात, मांढळच्या पुढं.
सत्यफुला ढिगाशी बसून वेचत होती
शहर जे चुकून सोबत धाडतं ते सगळं :
शाम्पूच्या पुड्या, रबरं, हारातला चंदेरी कागद,
लहान लेकराची एक चप्पल, डाव्या पायाची.
चप्पल तिनं धुऊन कुंपणाच्या काठीवर अडकवली होती,
कोणी विचारत येईल म्हणून.
“हात घाला आत,” ती म्हणाली.
कोपरापर्यंत घातला आणि चटकन काढला.
तापलेल्या पोराच्या काखेत असते
तशी ऊब.

माती तपासणीच्या कार्डावर कर्ब
पहिल्या साली शून्य पूर्णांक तीन एक.
तिसऱ्या साली तीन आठ.
“एवढंच?”
शालिक बोलला नाही. काळं ढेकूळ उचललं,
अंगठ्यानं दाबलं,
आणि ते शिळ्या भाकरीसारखं मोडलं.
आतलं गांडूळ उजेडाला वैतागून
दुसऱ्या तुकड्यात शिरलं.

शालिकशिवाय अजून एकच जण येतो असा उलटा,
तोही कधीमधी.
दलाल हसतात. नवी पावतीबुकं छापून आली,
रकाने तेच.
मी हातानं लिहितो : माती, आगाऊ.

दुपारी केबिनमध्ये संत्रं सोलतो,
साली पिशवीत ठेवतो त्याच्या फेरीसाठी.
एकदा कोणी नाही पाहून
पिशवी फळीच्या मधोमध नेऊन ठेवली.
माझा काटा दहा किलोच्या खालचं ओळखत नाही.
पडद्यावर लाल शून्य, जरासुद्धा हललं नाही.
बोटांना मात्र वास होता
रात्री जेवायला बसेपर्यंत.