उरलेले पंधरा टक्के

पंच्याऐंशी टक्के जोडलेली येईल, लिहिलं होतं.
उरलेले पंधरा
खोक्याच्या तळाशी प्लास्टिकच्या पुडीत:
चार बोल्ट, दोन पायडल, एक वाकडी किल्ली
आणि चित्रांचा कागद, ज्यातला माणूस
सारखा हसतोय.

रात्री अकरापर्यंत झटले.
सकाळी हँडल मिरजेकडे, चाक कुपवाडकडे.

शेवटी ढकलत नेली खणभागात, दस्तगीरचाचांकडे,
ज्यांच्या दुकानावरून सहा महिने
रिक्षानं जात होते, रोजचे चाळीस मोजत.

चिमटा उलटा बसलेला त्यांनी पाहिला.
काही बोलले नाहीत. पाना घेतला.
"कितीला पडली?"
"भावानं दिली."
मला भाऊ नाही. त्यांना माहीत आहे;
माझी पहिली लाल सायकल
वडिलांनी इथूनच घेतलेली, हप्त्यानं.

"हलकी आहे," एवढंच म्हणाले,
आणि ब्रेक आवळले
माझ्या मुठीच्या मापानं.

हवेचे पाच रुपये घेतले.
घंटी ऑर्डरमध्ये नव्हतीच.
भंगारातून एक काढली, बनियनला पुसली, बसवली,
तिचे पैसे सांगितले नाहीत.

आता पहिल्या पाळीला, सव्वासहाला,
मार्केट यार्डाच्या हळदवासातून जाताना
समोर कुणी नसलं तरी
वाजवते.