शेरा

अर्ज अकरा पानी, टॅबवर भरायचा.
देवळा तालुक्यात माझ्या वाट्याला सहा गावं,
दर गावी पाच शेतकरी, दर शेतकऱ्याला चाळीस मिनिटं.
विषय : कांदा धोरण, उत्पादकांचे म्हणणे.

कौतिकबाई देवरे चाळीत बसलेल्या,
गोल्टी एकीकडे, कोंब फुटलेला दुसरीकडे,
काजळी धरलेला मागे फेकतायत, न बघता.
"धोरण म्हंजे काय ऱ्हास, भाऊ?"
मी म्हणालो, सरकार काय करणार ते.
"म्हंजे रातनं का दिवसनं?"

मी टॅब चालू केला.

बियाणं किती, खत किती, वीज किती.
बाई पावत्या काढतात दुधाच्या पिशवीतून,
तारखेप्रमाणे लावलेल्या, माझ्या कार्यालयापेक्षा नीट.
घरची मजुरी? त्या म्हणाल्या, शून्य लिहा.
मी म्हणालो, अहो, तुम्ही रोज चाळीत असता.
"असते ना. पण दिली कोणी?"
मी शून्य लिहिलं. टॅबने ते लगेच मान्य केलं.

चाळीचं अनुदान मिळालं?
"मिळालं. तेवढं बरं केलं.
खालून वारा खेळतो, पूर्वी निम्मा सडायचा.
हेही लिहा, नाहीतर म्हणाल बाई नुसती रडते."
रकाना नव्हता. मी 'होय'वर बोट ठेवलं.

मग त्या सांगत राहिल्या.
मागच्या खेपेला ट्रॉली भरली संध्याकाळी,
रात्री नऊला टीव्हीवर पट्टी सरकली,
सकाळी उमराण्याच्या रांगेत शंभर ट्रॅक्टर,
आणि रात्री झोपलेला भाव
उठलाच नाही.
बोली लावणारा पुढं येईना,
ड्रायव्हर पोरं चहा पितायत, परत चहा पितायत.
"परत आणला. परत चाळीत ओतला.
त्याचं भाडं कोणत्या पानावर आहे तुमच्या?"

मी पानं चाळली. नव्हतं.

शेवटचा रकाना, शेरा.
मी म्हणालो, बोला, भाव किती हवा?
मला वाटलं आकडा येईल, मोठा,
जो ऐकून वरचे हसतील.

बाईंनी हात झाडले. सालं उडाली.
"भाव नको सांगू म्हणावं. भावाचं आम्ही बघू.
तारीख सांगा.
बाहेर पाठवू देणार का नाही देणार,
किती महिने, किती माल,
ते उळं टाकायच्या आधी सांगा.
नाही म्हणालात तरी चालेल.
अर्ध्या रानात गहू पेरीन, हरभरा पेरीन,
सून म्हणते तशी मिरची लावून बघीन.
रोप लावल्यावर, काढल्यावर, भरल्यावर नाही म्हणू नका."
थांबल्या. बोटांवर काहीतरी मोजलं.
"पंधरा ऑक्टोबर. त्याच्या पुढं एक दिवस नको."

मी लिहायला घेतलं.
टॅब म्हणाला : कृपया फक्त अंक भरा.
परत लिहिलं. कृपया फक्त अंक भरा.
"काय म्हणतो?" बाईंनी विचारलं.
मी म्हणालो, याला अक्षरं कळत नाहीत.
त्या पहिल्यांदा हसल्या. "मग अंकात सांगा की."

१५१०.
जतन झाले, असं हिरव्यात उमटलं.

निघताना पिशवीत चार किलो दिले, निवडलेले,
मी नको म्हणायच्या आत गाठ मारली होती.

दीड महिन्याने जिल्ह्यावरून फोन.
नवीन कुणीतरी, तरुण आवाज, घाईतला :
"तुमच्या अर्जात शेऱ्यात पंधराशे दहा आहे.
हा क्विंटलचा भाव धरायचा ना?
बाकी सगळ्यांची सरासरी काढलीय,
एवढाच एक अडतोय."

नाही, म्हणालो. ती तारीख आहे.

पलीकडे कीबोर्ड थांबला.
मागे कुणीतरी कुणाला हाक मारली, दार वाजलं.
आता ठेवील, असं वाटलं.

"कशाची?" त्याने विचारलं.

रेंज जात-येत होती.
मी गाडी स्टँडवर लावली, बांधावर चढलो,
आणि म्हणालो, साहेब, वेळ आहे का?
उळ्यापासून सांगावं लागेल.